खोली, खानावळ आणि गाव : गिरणगावच्या दैनंदिन जीवनाचा इतिहास वाचताना

१. एका शब्दाची अडचण

मराठी भाषक प्रदेशाबाहेरच्या विद्यापीठात मराठी साहित्य शिकविताना अध्यापकाला कठीण शब्दांपेक्षा साधे शब्द अधिक अडवितात. नारायण सुर्वे यांच्या कवितेवरील एका चर्चासत्रात बंगाली, तेलुगू आणि हिंदी भाषक विद्यार्थ्यांना ‘संप’, ‘मोर्चा’ किंवा ‘भोंगा’ यांचा अर्थ फारसा समजावून सांगावा लागला नाही. अडला तो ‘खोली’ हा शब्द. एका विद्यार्थिनीने त्याचा अर्थ घरातील एक दालन असा घेतला, दुसऱ्याने सरळ घर असा. मुंबईच्या गिरणगावातील खोलीला हे दोन्ही अर्थ अपुरे पडतात. ती घरातील दालन नव्हे, कारण तिच्यापलीकडे घर उरतच नाही. ती पुरतेपणी घरही नव्हे, कारण पुष्कळदा तिच्यात एकाहून अधिक बिऱ्हाडे, किंवा एकाच गावचे वीस-पंचवीस पुरुष राहत असत.

गिरणगावचा इतिहास आजवर मुख्यतः गिरण्यांचा, संघटनांचा आणि संपांचा इतिहास म्हणून लिहिला गेला. मराठी साहित्याच्या इतिहासातही या वस्तीची नोंद ‘कामगार साहित्य’ या सदराखाली होते आणि त्या सदरात लढ्याला अग्रक्रम मिळतो. हा क्रम चुकीचा आहे असे नाही. परंतु त्यामुळे रहिवाशांच्या मनात रोज घोळणारे प्रश्न पार्श्वभूमीला जातात. पाणी किती वाजता येईल, वाण्याची उधारी केव्हा फिटेल, बदलीचे काम मिळेल की नाही, गणपतीला गावी जायला रजा मिळेल का, मुलगा कामाला कोठे लागेल, हे ते प्रश्न होत. प्रस्तुत निबंधाचे प्रतिपाद्य असे की, हे प्रश्न लढ्याच्या बाहेरचे नव्हते. खोली, खानावळ आणि गाव या तीन आधारांवर चालणारे दैनंदिन जीवन हीच या वस्तीतील मतांची आणि लढ्यांचीही भूमी होती. ती ध्यानात घेतली की या वस्तीतून आलेले साहित्यही थोडे निराळे वाचावे लागते.

२. वस्तीची घडण

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीची ताडदेव येथील गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. पुढील अर्धशतकात भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, डिलाईल रोड, शिवडी, नायगाव, वरळी आणि प्रभादेवी या पट्ट्यात गिरण्यांची दाटी झाली आणि या पट्ट्याला ‘गिरणगाव’ हे नाव रूढ झाले. नावातच ‘गाव’ आहे, ही बाब लक्षणीय आहे. कामगारांचा सर्वांत मोठा ओघ रत्नागिरी जिल्ह्यातून आला. त्यामागोमाग सातारा, कोल्हापूर, पुणे आणि अहमदनगर या घाटावरील भागांतून माणसे आली. उत्तर भारतातील जुलाहे विणकर मदनपुऱ्यात, तर तेलुगू पद्मशाली विणकर कामाठीपुरा-वरळीच्या बाजूला वसले. गिरणगाव ही निव्वळ मराठी वस्ती कधीच नव्हती. तिच्या बहुभाषिकतेचा तौलनिक अभ्यास अजून व्हावयाचा आहे.

राहण्याची सोय गिरणीमालकांनी अगदी अल्प प्रमाणात केली. खाजगी जमीनमालकांनी भाड्यासाठी चाळी बांधल्या आणि त्या भरून गेल्या. १८९६ च्या प्लेगने या दाटीकडे सरकारचे लक्ष वेधले. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टने रस्ते रुंद करण्यासाठी जितक्या खोल्या पाडल्या तितक्या त्वरेने नव्या बांधल्या नाहीत. १९२० मध्ये बाँबे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट हे खाते निघाले आणि त्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे सिमेंट काँक्रीटच्या २०७ चाळी उभ्या केल्या. प्रत्येक चाळीला तळमजला आणि वर तीन मजले, एकूण ८० खोल्या, प्रत्येक खोली सुमारे १६० चौरस फुटांची आणि शौचकूप मजल्याच्या टोकाला सामाईक. या बी. डी. डी. चाळींत आरंभी खोल्या रिकाम्या राहिल्या, कारण भाडे परवडत नव्हते आणि काँक्रीटच्या कोंदट खोल्या लोकांना पसंत पडल्या नाहीत. ‘बांधून दिलेले’ आणि ‘हवे असलेले’ यांतील हे अंतर पुढे शंभर वर्षे या वस्तीच्या तक्रारींत वारंवार आढळते.

सरकारी आणि अभ्यासकी नोंदींना या काळात खोलीविषयी विशेष कुतूहल होते. बर्नेट-हर्स्ट यांचे मुंबईतील मजूर व त्यांची घरे या विषयावरील पुस्तक १९२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याआधी १९२३ मध्ये मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी छापली होती. खोलीची लांबीरुंदी, माणसांची संख्या, धान्याचा व भाड्याचा खर्च हे सर्व या ग्रंथांत आहे. नाही ते रहिवाशांचे बोलणे. मोजणाऱ्याच्या दृष्टीने खोली ही अभावाची जागा होती. राहणाऱ्याच्या दृष्टीने ती मुंबईत पाय टेकण्याची एकमेव जागा होती. इतिहासकाराला या दोन्ही दृष्टी हव्यात. दुसरीची साधने मात्र विखुरलेली आहेत.

३. गाळा, गावकी आणि पाळी

एकट्याने मुंबईस आलेला पुरुष प्रथम ‘गाळ्या’त उतरे. एकाच गावच्या किंवा वाडीच्या माणसांनी मिळून भाड्याने घेतलेली ही खोली असे. प्रत्येकाची ट्रंक भिंतीकडेला, वळकटी दोरीवर किंवा माळ्यावर. गिरणी पाळ्यांत चाले, म्हणून खोलीही पाळ्यांत चाले : रात्रपाळीचा माणूस सकाळी परतून जेथे अंग टाकी, तेथून पहिल्या पाळीचा माणूस नुकताच उठून गेलेला असे. उन्हाळ्यात निम्मी माणसे गॅलरीत, गच्चीवर वा फुटपाथवर निजत. खोलीतील जागेपेक्षा तिच्यातील हक्क महत्त्वाचा होता. काम सुटले, आजारपण आले, तरी गावच्या खोलीतून माणसाला सहसा बाहेर काढले जात नसे.

या व्यवस्थेमागे गावकी होती. गावाचे मुंबईतील मंडळ वर्गणी गोळा करी. तिच्यातून गावच्या देवळाची डागडुजी, शाळेची इमारत, मयताचा खर्च, आजाऱ्याला गावी पोचविणे अशी कामे होत. मंडळाच्या बैठकीत गावातील जमिनीचे तंटे मुंबईत सोडविले जात आणि मुंबईतील भांडणे गावापर्यंत पोचत. चाकरमानी शरीराने मुंबईत असला तरी त्याची पत आणि अब्रू गावात मोजली जाई. शिमगा आणि गणपती हे सण त्यामुळे केवळ धार्मिक नव्हते. वर्षभराच्या कमाईचा आणि नात्यांचा हिशेब त्या दिवसांत होई. त्यासाठी लोक काम गमावण्याचा धोकाही पत्करीत. प्रवासाचा धोका निराळाच. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे मरण पावली. ती गटारी अमावास्या होती आणि उतारूंत सणासाठी गावी निघालेले अनेक होते. सणाला घरी जाण्याची ओढ आणि पावसाळी दर्या यांची सांगड गिरणगावच्या कोकणी कुटुंबांच्या आठवणीत त्यानंतर कायमची बसली.

अशी सामूहिक खोली केवळ मराठी गिरणी कामगारांचीच नव्हे. मुंबईतच धोबीतलाव-माझगावच्या बाजूला गोव्याच्या ख्रिस्ती खलाशांचे, आचाऱ्यांचे आणि वादकांचे ‘कूड’ होते. प्रत्येक कूड एका गावाचा, त्यात गावच्या संताची वेदी आणि भिंतीला लागून पेट्यांची रांग. कोलकात्यातील ‘मेस’ ही मुख्यतः कारकुनांची व विद्यार्थ्यांची. तिने बंगाली कथेला विनोद आणि रहस्य यांचे एक हुकमी स्थळ पुरविले. कानपूरच्या गिरणी कामगारांचे ‘अहाते’ एका अंगणाभोवती खोल्या अशा रचनेचे. हे चार शब्द समोरासमोर ठेवले तर स्थलांतरिताच्या निवासाचे चार सामाजिक करार दिसतात. कुडाचा आधार गाव आणि चर्च, मेसचा आधार नोकरी आणि मध्यमवर्गीय सभ्यता, अहात्याचा आधार सामाईक अंगण, तर गाळ्याचा आधार गाव आणि पाळी. यांपैकी प्रत्येकाने आपापल्या भाषेतील साहित्याला वेगळा निवेदक दिला. कामगार साहित्याची तुलना करताना वर्ग ही एकच कसोटी लावली तर हा फरक निसटतो.

४. पगार, उधारी आणि खानावळ

दैनंदिन चिंतांचे मूळ पगाराच्या पद्धतीत होते. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या गिरण्यांत पगार महिन्याने मिळे आणि तोही पुढच्या महिन्याच्या मध्यास. नव्याने लागलेल्या माणसाला पहिला पगार हाती येईपर्यंत सहा-सात आठवडे उधारीवर काढावे लागत. १९३६ च्या वेतनविषयक कायद्याने पगार वाटण्याची मुदत बांधून दिली. तोपर्यंत उधारीचे जाळे पक्के झाले होते. वाणी धान्य देई, खोलीमालक भाडे थकवू देई, पठाण व्याजाने रोकड देई आणि मजल्यावरच्या बायका भिशी चालवीत. कामाची खात्रीही नव्हती. पुष्कळजण ‘बदली’ असत. सकाळी गिरणीच्या दारात उभे राहायचे आणि कोणी गैरहजर असेल तर त्या दिवसाचे काम मिळायचे. कोणाला आत घ्यायचे हे जॉबर ठरवी. जॉबर खात्यात माणसे भरी, तसाच वस्तीत खोली मिळवून देई आणि कर्जाला जामीनही राही. त्याच्याशी संबंध बिघडणे म्हणजे काम, खोली आणि पत ही तिन्ही एकदम धोक्यात येणे. राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात कामाची जागा आणि वस्ती यांतील हे परस्परावलंबन सविस्तर मांडले. संपाच्या काळात हीच वस्ती कामगारांना उधारीवर जगवी आणि दबावही आणी, हा त्यांचा मुद्दा प्रस्तुत विवेचनास आधारभूत आहे.

या अर्थव्यवस्थेत स्त्रियांचे स्थान दोन ठिकाणी होते. गिरणीत त्या वाइंडिंग आणि रीळ खात्यांत काम करीत. त्यांच्यावर ‘नायकीण’ देखरेख करी. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला, रात्रपाळीवर बंदी होतीच आणि पुढे यंत्रांची सुधारणा आली. या सर्व काळात स्त्री कामगारांचे प्रमाण घटत गेले. दुसरे ठिकाण म्हणजे खानावळ. गाळ्यातील पुरुषांचे जेवण कोणीतरी रांधावे लागे. ज्या बाईला कुटुंबासह खोली होती ती दहा-वीस माणसांचा डबा लावून घेई. सकाळच्या पाळीसाठी तिला पहाटे तीनला उठावे लागे आणि दुसऱ्या पाळीचा माणूस मध्यरात्री परतेपर्यंत तिची चूल विझत नसे. जेवणाऱ्यांचा पगार झाला म्हणजे तिचा पगार झाला. त्यांनी थकविले तर वाण्याकडे तीच थके. म्हणजे गिरणीच्या हजेरीपटावर जिचे नाव नाही अशा स्त्रीने गिरणीच्या मजुरीचा भार उधारीने पेलला होता. कामगार चळवळीतील कार्यकर्त्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि खानावळवाल्या स्त्रियांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा प्रथमच या श्रमाला संस्थात्मक ओळख मिळाली. तोवर गिरण्या सुरू होऊन जवळजवळ १२० वर्षे झाली होती.

५. खोलीच्या मर्यादा

खोलीच्या सामूहिक जीवनाचे वर्णन करताना ते आदर्श मानण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. गावकीने माणसाला आधार दिला, त्याचबरोबर गावातील जातीची रचनाही तिने मुंबईत आणली. महार, मांग, चांभार कामगारांचे गाळे, चाळी आणि नळ पुष्कळ ठिकाणी निराळे होते. गिरणीतही तोच प्रकार होता. साचाखात्यात मजुरी अधिक मिळे. पण धोट्यातील कांडीचा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागत असल्याने सवर्ण विणकर अस्पृश्य कामगाराला त्या खात्यात येऊ देत नसत. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हा प्रश्न संपाच्या नेतृत्वापुढे ठेवला. बाबासाहेब स्वतः बरीच वर्षे परळच्या ट्रस्टच्या चाळीत राहिले होते. त्यांचा युक्तिवाद बाहेरून पाहणाऱ्याचा नव्हता. एकाच भोंग्याला उठणारी माणसे एका नळावर पाणी भरत नसतील, तर ‘कामगार’ या शब्दात ती कितपत सामावतात, हा त्या वादाचा गाभा होता.

हा प्रश्न स्वातंत्र्यानंतरही मिटला नाही. जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या बी. डी. डी. चाळींत दलित आणि सवर्ण रहिवासी यांच्यात दंगल उसळली. तीच बांधणी, तेवढेच क्षेत्रफळ, तोच सामाईक शौचकूप. आणि तरीही चाळीचालीत सीमारेषा. दलित पँथरच्या लेखनातील शहर आणि कामगार साहित्यातील शहर यांत जो अंतराय जाणवतो, त्याचे एक कारण या सीमारेषेत आहे. त्यासाठी केवळ विचारप्रणालींचा भेद शोधणे पुरेसे नाही.

६. मत कोठे घडे

अशा वस्तीत लोकांची मते कोठे घडत? संघटनांच्या दप्तरांत ठराव सापडतात, सभांचे वृत्तांत वर्तमानपत्रांत सापडतात. परंतु ठरावापूर्वीचे बोलणे गॅलरीत, नाक्यावर, न्हाव्याच्या दुकानात, व्यायामशाळेत आणि भजनी मंडळात होई. खोलीत जागा नसल्यामुळे पुरुषांचा बराचसा फावला वेळ सार्वजनिक जागेत जाई. वर्तमानपत्र एकजण मोठ्याने वाची आणि बाकीचे ऐकत. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेऊन निवेदन केले, ‘दीनबंधु’तून त्यांची बाजू मांडली आणि १८९० मध्ये रविवारची सुटी मिळाली. या यशाकडे पाहताना हे ध्यानात घ्यावे की बहुसंख्य निरक्षर असलेल्या कामगारांपर्यंत छापील मजकूर वाचून दाखविणाऱ्याच्या आवाजातूनच पोचत होता.

त्यामुळे येथील राजकीय वाङ्मयही कानाचे वाङ्मय राहिले. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. पोवाडा, लावणी, तमाशातील वग हे प्रकार श्रोत्यांना गावापासून ठाऊक होते. त्यांत महागाई, काळाबाजार आणि संप हे विषय आले. येथे नवे मत जुन्या चालीवर आले, म्हणून ते खोलीत शिरले. रात्री मैदानात ऐकलेले गाणे दुसऱ्या दिवशी नळावरच्या रांगेत गुणगुणले जाई.

मतांची दिशा मात्र एकच राहिली नाही. १९२८ मध्ये सुमारे दीड लाख कामगार सहा महिने संपावर राहिले आणि त्या वर्षी स्थापन झालेल्या गिरणी कामगार युनियनने वस्तीत पाय रोवले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात हीच वस्ती आघाडीवर होती. १९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाली आणि १९७० मध्ये परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांची हत्या झाल्यावर झालेली पोटनिवडणूक शिवसेनेने जिंकली. हा बदल केवळ नेत्यांच्या डावपेचांतून समजत नाही. बापाला गिरणीत चिकटविणारा जॉबर आता मुलाला चिकटवू शकत नव्हता. मॅट्रिक झालेल्या मुलाला साच्यावर उभे राहायचे नव्हते आणि कार्यालयातील नोकरी मिळत नव्हती. खोलीतील ही कोंडी ज्याने आधी बोलून दाखविली त्याच्याकडे तरुण वळले. व्यायामशाळा आणि गणेशोत्सव मंडळे तीच राहिली, त्यांवरील फलक बदलले.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पगारवाढ, बदली कामगारांना कायम करणे आणि एकाच संघटनेला मान्यता देणारा १९४६ चा कायदा रद्द करणे या त्याच्या मागण्या होत्या. तो दीड वर्षाहून अधिक काळ टिकला, याचे स्पष्टीकरण नेतृत्वापेक्षा या निबंधातील तीन आधारांत अधिक सापडते. हजारो कामगार गावी गेले, शेतीवर राबले, गावाहून तांदूळ आणि नाचणी मुंबईच्या खोलीत आली, वाण्याने काही महिने वही चालू ठेवली, बायकांनी डबे, शिवण, धुणीभांडी पत्करली. हे आधार एकेक करून आटले तेव्हा संप आतून खचला; औपचारिकपणे तो कधी मागे घेतला गेला नाही. १८५६ पासूनच्या व्यवस्थेचे बळ आणि तिचा अंत दोन्ही या एका घटनेत दिसतात.

७. साहित्यातील खोली

या पार्श्वभूमीवर काही कृती जवळजवळ ठेवून पाहता येतील. मामा वरेरकरांची ‘धावता धोटा’ ही कादंबरी १९३३ ची. पुढच्याच वर्षी प्रेमचंद यांनी मुंबईत ‘मजदूर’ या गिरणीवरील चित्रपटाची कथा लिहिली आणि त्यावर बंदी आली. मुल्कराज आनंद यांची ‘कुली’ ही इंग्रजी कादंबरी १९३६ ची. तिचा नायक मुन्नू मुंबईच्या कापड गिरणीत येऊन पोचतो. १९२८ च्या संपानंतर सहा-आठ वर्षांत मराठी, हिंदी आणि इंग्रजी लेखकांची नजर एकाच वस्तीकडे वळावी, हे तौलनिक साहित्याच्या अभ्यासकास विचार करावयास लावणारे आहे. तिघेही सहानुभूतीने लिहितात आणि तिघेही बाहेरून आत येतात. त्यांच्या दृष्टीने खोली हे अन्यायाचे दृश्य आहे. वाचकाला धक्का बसावा ही त्यांची अपेक्षा आहे.

अण्णाभाऊंच्या ‘माझी मैना’ या लावणीत दृष्टिकोन बदलतो. मुंबईत आलेला पुरुष गावी राहिलेल्या पत्नीसाठी बोलतो आणि तिचा विरह पुढे विभागलेल्या महाराष्ट्राच्या दुःखाशी जोडला जातो. भिखारी ठाकुर यांच्या भोजपुरी ‘बिदेसिया’शी तिची तुलना उद्‌बोधक ठरेल. तेथे परदेशी गेलेल्या पुरुषाची वाट पाहणारी स्त्री केंद्रस्थानी आहे. येथे वाट पाहायला लावणारा पुरुष बोलतो. दोन्ही कृतींच्या मुळाशी गाव आणि शहर यांत दुभंगलेले एकच कुटुंब आहे. गाळ्यातील वीस पुरुष एकत्र बसून ही लावणी ऐकत तेव्हा प्रत्येकाची मैना निराळी होती आणि अनुभव एकच होता. व्यक्तिगत शृंगाराचा प्रकार सामूहिक राजकारणाला येथे साधला, त्याचे एक कारण श्रोत्यांची राहण्याची रीत हे आहे.

नारायण सुर्वे यांच्या ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२) आणि ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) या संग्रहांत खोली प्रथमच आतून दिसते. एका गिरणी कामगार दांपत्याने वाढविलेला, स्वतः गिरणीत आणि पुढे शाळेत शिपाई म्हणून राबलेला हा कवी खोलीचे वर्णन करीत नाही. तो तिच्यातून बोलतो. मात्र या आतल्या आवाजालाही एक मर्यादा आहे. कृष्णाबाई सुर्वे यांचे आत्मकथन ‘मास्तरांची सावली’ सुर्वे यांच्या कवितेशेजारी ठेवले म्हणजे ती कळते. कवीच्या आयुष्यात जे विद्यापीठ ठरले, त्याच आयुष्यात रोजच्या पिठामिठाची जुळणी कोणी केली याची नोंद पत्नीच्या कथनात आहे. पार्वतीबाई भोर यांची ‘एका रणरागिणीची हकिगत’ ही संघटनेतील स्त्रीची साक्षही येथे जोडून वाचावी. स्त्रियांच्या कथनांना ‘पूरक साधन’ मानण्याची रूढी या विषयात तरी सोडून दिली पाहिजे. मजुरीवर घर चालत नसे तेव्हा ते कसे चाले हे मुख्यतः त्यांच्याकडूनच कळते.

जयंत पवार यांचे ‘अधांतर’ (१९९७) हे नाटक संपानंतरच्या एका गिरणी कामगार कुटुंबाचे आहे आणि ते एका खोलीत घडते. रंगमंचावरील एकच स्थळ ही नाट्यतंत्राची सोय येथे इतिहासाचे विधान ठरते : गिरणी गेली, गाव दुरावले, उरली ती केवळ खोली. तिच्यातील प्रत्येकजण बाहेर पडू पाहतो आणि एक मुलगा टोळीच्या मार्गाने जातो. वरेरकरांच्या काळात खोली हे लढ्याचे कारण होते, कलापथकाच्या काळात श्रोतृगृह, सुर्व्यांच्या कवितेत बोलण्याची जागा. ‘अधांतर’मध्ये ती सापळा झाली आहे.

८. समारोप

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विक्रीस खुल्या होण्याचा मार्ग दिला, २००१ च्या दुरुस्तीने तो अधिक रुंद केला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य ठरविली. धुराड्यांच्या जागी मनोरे आले. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी संकलित केलेला मौखिक इतिहास ‘वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस’ २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. तो वेळेवर झाला नसता तर त्यातील कित्येक आवाज आज उपलब्ध नसते. बी. डी. डी. चाळींच्या पुनर्विकासात रहिवाशांना ५०० चौरस फुटांची घरे मिळावयाची आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळी येथील पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या देण्यात आल्या.

या ठिकाणी अभ्यासकाने स्वतःच्या मनाची तपासणी करणे आवश्यक आहे. चाळ पाडली जाताना आपल्याला हळहळ वाटते. गॅलरीतील सहजीवन, सण, शेजार यांविषयी आपण लिहू लागतो. मजल्याच्या टोकाच्या शौचकूपापुढे रोज पहाटे रांग लावलेल्या बाईच्या दृष्टीने घरात स्वतःचे न्हाणीघर असणे ही शंभर वर्षे लांबलेली गोष्ट आहे. तीच बाई उंच इमारतीचा देखभालखर्च पुढे परवडेल का, दार लावून घेतल्यावर दुखण्याखुपण्याला कोण येईल, अशीही चिंता करते. हा समाधानाचा आणि काळजीचा मेळ परस्परविरोधी नाही. १९२० च्या दशकात काँक्रीटची खोली नाकारणाऱ्या कामगाराचे आणि आजच्या रहिवाशाचे मत एकाच जातीचे आहे : निवारा हवा, पण त्याबरोबर पत, शेजार आणि परवडणारे भाडेही हवे.

साहित्याच्या अभ्यासकांपुढील काम यातून स्पष्ट होते. वाण्याच्या वह्या, भिशीचे हिशेब, ग्रामस्थ मंडळांची इतिवृत्ते, मनिऑर्डरींच्या पावत्यांवरील चार ओळींचा मजकूर, भजनी मंडळांच्या हस्तलिखित वह्या ही साधने अजून काही खोल्यांच्या माळ्यांवर आहेत. घर बदलताना माळा प्रथम रिकामा होतो आणि त्यावरील कागद रद्दीत जातात. त्यांचा संग्रह करणे हे केवळ इतिहास विभागाचे काम समजू नये, कारण ज्या कवितांचा, लावण्यांचा आणि नाटकांचा आपण अनुवाद करतो, त्यांचा शब्दकोश तेथे आहे. चर्चासत्रातील त्या विद्यार्थिनीच्या शंकेचे उत्तर एका प्रतिशब्दाने देता आले नाही. तिला बंगाली ‘मेस’पासून आरंभ करून गाळा, पाळी, खानावळ आणि गावकी अशा क्रमाने ‘खोली’पर्यंत आणावे लागले. अखेरीस तिने आपल्या अनुवादात ‘खोली’ हाच शब्द ठेवला आणि त्याखाली दीड पानाची टीप लिहिली.